पाडवा बालीत करायचा का?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद
9 नोव्हेंबर 2025

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलता उचलता जे बोलणं झालं ते लिहून काढते आहे. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून बालीला जायचं. पर्थहून साडेतीन-चार तासांचं विमान, घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. आत्तापर्यंत अकरा कुटुंबांनी होकार कळवला आहे. अशी सूचना आली आहे की गुरुवारी 19 मार्चला पहाटेचं विमान धरावं, पाडव्याच्या दिवशी सकाळीच तिथे उतरून समुद्रावर गुढी उभारावी आणि रविवारी परत यावं. कोणाची हरकत असल्यास आठवडाभरात कळवा, म्हणजे तिकिटांचं बघता येईल.

---

प्रेषक: अण्णा, कॅनिंग व्हेल
विषय: उत्तर: पाडवा बालीत?
9 नोव्हेंबर 2025, रात्री

सचिवताई, तिकिटं काढू नका. त्या दिवशी बालीचा विमानतळ बंद असतो.

19 मार्चला त्यांचा न्येपी आहे. न्येपी म्हणजे त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. आपण पंचांगात शके 1948 लिहू, तेही 1948 च लिहितील. दर वर्षी आपला पाडवा आणि त्यांचा न्येपी एकाच दिवशी येतो असं नाही. अधिक महिना कुठे धरायचा यात फरक पडतो, त्यामुळे 2024 मध्ये त्यांचं वर्ष 11 मार्चलाच लागलं आणि आपला पाडवा 9 एप्रिलला होता. पण 2026 मध्ये दोन्ही एकाच दिवशी आहेत.

फरक साजरं करण्यात आहे. आपण नव्या वर्षाला गुढी उभारतो, ते सगळं बंद करतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चार गोष्टी वर्ज्य: अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. त्यांच्या भाषेत कामाला ‘कार्य’ आणि अग्नीला ‘गेनी’ म्हणतात, म्हणजे नियम ऐकतानाच निम्मा कळतो. विमानं नाहीत, गाड्या नाहीत, दुकानं नाहीत, 2018 पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. पाहुण्यांनीही मुक्कामाच्या जागेबाहेर पाऊल टाकायचं नाही. इस्पितळात न्यायची वेळ आली तर तेवढी सूट. गल्लीगल्लीत पेचालांग, म्हणजे गावाचे पारंपरिक राखणदार, फिरत असतात. समुद्रावर गुढी उभारायला गेलो तर ते हात जोडून परत पाठवतील, आणि ते बरोबरच असेल.

हे मी वाचून लिहीत नाही. 2023 मध्ये 22 मार्चला असाच योग आला होता आणि आम्ही दोघं मुद्दाम सानूरला जाऊन राहिलो होतो. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह निघतात. बांबूच्या चौकटीवर उभे केलेले, दोन-अडीच पुरुष उंचीचे राक्षस. पोरं ते खांद्यावर घेऊन चौकात गरागरा फिरवतात, केवढा गलका. आणि पहाट झाली की एकदम चिडीचूप. घरमालकिणीने आदल्या दिवशीच भात, भाज्या, फळं झाकून ठेवली होती. आमच्या हिला शिळासप्तमीची आठवण झाली, चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खायचं, तसंच. गुढी आम्ही खोलीत उभारली. काठी घरमालकिणीने दिली, तांब्या आणि खण आम्ही नेला होता. कडुलिंब मिळेल का ही धाकधूक होती, पण बालीत कडुलिंबाला इंतारान म्हणतात आणि सानूरच्या एका भागाचं नावच इंतारान आहे. पानं सहज मिळाली. निरांजन लावलं नाही, उदबत्तीही नाही. हात जोडले, कडुलिंब खाल्ला, झालं.

रात्री अंगणात पायरीवर बसलो होतो. अमावास्या नुकतीच सरलेली, सगळ्या बेटावर एक दिवा नाही. समोर बसलेल्या बायकोचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त बांगड्या वाजल्या की कळायचं. वर मात्र इतकं आकाश होतं की लहानपणी गावी गच्चीवर झोपायचो ते आठवलं. चाळीस वर्षांनी तसं आकाश पाहिलं.

इतकं भारावून लिहितो आहे, तरी मंडळाने त्या दिवशी जाऊ नये असंच माझं मत आहे. आपल्यात चौदा मुलं आहेत. तीन वर्षांच्या लेकराला दिवसभर हळू बोल म्हणायचं, संध्याकाळी दिवा लावायचा नाही, हे त्या मुलावर आणि शेजारच्या बाली कुटुंबावर, दोघांवरही अन्याय आहे. शिवाय रमझान ईद लागूनच आहे, म्हणजे जावा बेटाकडून येणारी-जाणारी गर्दी वेगळी. ज्यांना न्येपी पाळायचा आहे त्यांनी दोघा-तिघांनी जावं आणि पाळावा.

---

प्रेषक: वहिनी, बॉल्डिव्हिस
10 नोव्हेंबर 2025

अण्णा, वाचून अंगावर काटा आला. आणि मार्चमध्ये शाळाही चालू असतात हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सुट्टी 3 एप्रिलपासून आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. सासू-सासरे सध्या पुण्याहून आले आहेत, मेपर्यंत आहेत. त्यांना न्यायचं तर दोन अडचणी. सासूबाई अंडंही खात नाहीत. आणि त्यांच्या पासपोर्टचं काय, व्हिसा वेगळा काढावा लागतो का?

---

प्रेषक: ताई, मॉर्ली
10 नोव्हेंबर 2025

वहिनी, इंडोनेशियाचा व्हिसा सोपा आहे. भारतीय पासपोर्ट असो की ऑस्ट्रेलियन, व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, तीस दिवसांचा, 5,00,000 रुपिया. घरूनच ऑनलाइन काढला तर तिथली एक रांग वाचते. त्याशिवाय फेब्रुवारी 2024 पासून बालीचा पर्यटक कर आहे, माणशी 1,50,000 रुपिया, तोही आधी भरता येतो. मुलांनाही दोन्ही लागू, म्हणजे चौघांच्या घराला 26 लाख रुपिया. आकडा बघून दचकू नका, शून्यंच फार आहेत. पासपोर्टला उतरल्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवेत, ते आजच बघा.

खरी मेख परतीची आहे. सासू-सासऱ्यांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, हे व्हिसाच्या पत्रावर लिहिलेलं असतं. एकदाच प्रवेशाचा असेल तर बालीला गेल्यावर त्यांना पर्थला परत येता येणार नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे विमानतळावर, सामान काट्यावर ठेवल्यावर कळलं. आजी-आजोबांना तिथूनच मुलाच्या मित्राबरोबर घरी पाठवलं आणि मुलं रडत विमानात बसली. म्हणून कळकळीने सांगते, तिकिटाच्या आधी ते पत्र काढून वाचा.

खाण्याचं अवघड नाही, पण विचारून घ्यावं लागतं. टोफूला ताहू म्हणतात, आणि तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, दोन्ही सगळीकडे मिळतं. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी. सासूबाईंना ती आवडेल, पण वर अंडं ठेवतात, ते नको म्हणून सांगायचं. जपायचं ते तेरासीला. हा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो आणि सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, कधी नुसत्या भाजीच्या वाटणातही घातलेला असतो, दिसत नाही. ‘तांपा तेरासी’ म्हणजे तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. सोबत येणारे कुरकुरीत पापडही बऱ्याचदा कोळंबीचेच असतात.

---

प्रेषक: एक बाबा, पियारा वॉटर्स
11 नोव्हेंबर 2025

मला वाटतं आपण उगाच फार विचार करतोय. मुलांना पोहायचा तलाव आणि वाळू मिळाली की झालं. एप्रिलच्या सुट्टीत तिकिटं महाग असतात एवढाच माझा मुद्दा आहे. पाडवा इथेच हॉलमध्ये करू आणि बालीला स्वस्त पडेल तेव्हा जाऊ. तारखेत एवढं अडकायचं कशाला?

---

प्रेषक: अण्णा, कॅनिंग व्हेल
11 नोव्हेंबर 2025

बाळा, पैशाचा मुद्दा खरा आहे, तो मी डावलत नाही. पण तारखेत अडकावं असं मला मनापासून वाटतं, का ते सांगतो.

बालीत दुसरं एक पंचांग चालतं, 210 दिवसांचं, पावुकोन नावाचं. त्याच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, सरस्वतीचा सण असतो. आज बसून मोजलं. गेला 6 सप्टेंबरला झाला, त्यात 210 मिळवले की 4 एप्रिल 2026. शाळेची सुट्टी लागते त्याच्या दुसऱ्याच दिवशी!

त्या दिवशी सकाळी मुलं पारंपरिक कपडे घालून शाळेच्या देवळात जातात. घरातली पुस्तकं आणि जुन्या ताडपत्राच्या पोथ्या मांडून त्यांवर फुलं, तांदूळ, नैवेद्य ठेवतात, आणि पूजा होईपर्यंत पुस्तक उघडायचं नाही, लिहायचं नाही. दसऱ्याला आपण पाटी-पुस्तकं पूजेला ठेवली की अभ्यास बंद, तेच हे. लहानपणी आपल्याला त्या सुट्टीचा किती आनंद व्हायचा! नैवेद्यात पिठाच्या पालीही असतात, तिथे पालीला सरस्वतीचं चिन्ह मानतात. आपल्याकडे पाल चुकचुकली की शंका येते, त्यांच्याकडे बोलणं खरं असल्याची खूण. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे समुद्रावर नाहीतर झऱ्यावर स्नान, त्याला बान्यू पिनारुह म्हणतात.

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांनी दसऱ्याची पाटीपूजा हॉलमध्ये पाहिली आहे, ऑक्टोबरमधल्या कुठल्या तरी सोयीच्या रविवारी, पाऊण तास. एक अख्खं गाव शाळेची पुस्तकं सजवून रस्त्याने चाललं आहे हे त्यांनी पाहिलेलं नाही. ते बघायला भारतातच जावं लागतं असं नाही, साडेतीन तासांवर आहे. तलाव आणि वाळू तर आहेच की, बाकीचे पाच दिवस तेच करू.

मुक्काम सानूरलाच करावा. समोर प्रवाळाची रांग असल्याने पाणी शांत असतं, लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले दोघंही उतरू शकतात. कुताच्या बाजूला लाटा आणि ओढ फार. विमानतळही जवळ आहे. उबुदला एक दिवस गाडी करून जाऊ, वाटेत तांपाकसिरिंगला तीर्ता एंपुल. तीर्ता म्हणजे तीर्थच. दहाव्या शतकातलं देऊळ आहे, झऱ्याचं पाणी दगडी तोंडांतून पडतं आणि लोक रांगेने खाली उभे राहतात. आत जाताना लुंगी आणि कमरेला पट्टा लागतो, तिथे मिळतो. एप्रिलमध्ये पाऊस ओसरत आलेला असतो, तरी दुपारची एखादी सर धरून चाला.

दोन गोष्टी मात्र कोणी हट्टाने करू नयेत. स्कूटर भाड्याने घेऊ नका, मोटरसायकलचा परवाना नसेल तर अपघातानंतर विमा बहुधा हात वर करतो. आणि माकडांना खाऊ घालू नका. बालीत 2008 पासून रेबीज आहे, ओरखडा जरी उठला तरी लगेच साबणाने धुऊन डॉक्टर गाठायचा.

रस्त्यात, उंबऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर नारळाच्या पानांचे छोटे द्रोण दिसतील, फुलं आणि उदबत्ती ठेवलेले. मुलांना आधीच सांगून ठेवा, ते ओलांडायचे नाहीत, बाजूने जायचं.

---

प्रेषक: एक बाबा, पियारा वॉटर्स
11 नोव्हेंबर 2025

अण्णा, मुलीला तुमची मेल वाचून दाखवली. विचारतेय की तिची वही पूजेला ठेवता येईल का. आमची चार नावं धरा.

---

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद
13 नोव्हेंबर 2025

ठरलं. पाडवा 19 मार्चला इथेच, ज्याच्या त्याच्या घरी, आणि रविवारी हॉलमध्ये. बालीला 3 एप्रिलला निघायचं, 9 ला परत, मुक्काम सानूर. ज्यांच्याकडे भारतातून पाहुणे आहेत त्यांनी परतीच्या व्हिसाचं पत्र रविवारपर्यंत मला दाखवावं, मगच त्यांची तिकिटं काढू. ताई, जेवणासाठी उपयोगी पडतील असे दहा-बारा शब्द मराठीत लिहून द्याल का? प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवू.

---

प्रेषक: अण्णा, कॅनिंग व्हेल
13 नोव्हेंबर 2025

सानूरच्या त्या घरमालकिणीला निरोप पाठवला होता. तिच्या गल्लीतल्या शाळेच्या देवळात सकाळी आपल्याला येऊ देतील, फक्त पांढरे किंवा साधे कपडे आणि पूजा संपेपर्यंत फोटो नाहीत. मुलांची पुस्तकं चालतील म्हणाली.

माझ्याकडे दगडी पाट्या दोनच आहेत, आणखी कोणाकडे असतील तर कळवा. एकाच्या आकड्यांची सरस्वती किती जणांना काढता येते तेही कळवा, नाहीतर मी शनिवारी मराठी शाळेत येऊन मुलांकडून गिरवून घेतो.