रिचर्ड तिसरा: सांगाडा सापडला, पण पुतण्यांचं काय?

इंग्लंडचा पंधराव्या शतकातला राजा रिचर्ड तिसरा याच्यावर पुतण्यांच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा सांगाडा सापडल्यामुळे तो निर्दोष ठरला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. २०१२ साली इंग्लंडच्या लेस्टर शहरातल्या वाहनतळाखाली मिळालेल्या हाडांनी त्याच्या शरीराबद्दल सांगितलं. पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता, म्हणजे एक खांदा थोडा वर असणार. पण शेक्सपिअरनं नाटकात रंगवलेलं कुबड नव्हतं आणि वाळलेला हातही नव्हता. रिचर्डनंतर गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळातली बदनामी इथपर्यंत खोडली जाते, आणि ती खोडली गेली याचा मला मनापासून आनंद आहे.

पुतण्यांचा प्रश्न मात्र तसाच उरतो. बारा वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टॉवर या किल्ल्यात होते, काकाच्याच म्हणजे रिचर्डच्या ताब्यात. मग ती मुलं दिसेनाशी झाली. खुनाच्या अफवा उठल्या तेव्हा, मुलं जिवंत असतील तर, त्यांना लोकांसमोर आणलं की विषय मिटला असता. रिचर्डनं ते केलं नाही. माझ्या मते त्याच्याविरुद्धचा सर्वात वजनदार मुद्दा हाच. १६७४ मध्ये टॉवरच्या जिन्याखाली सापडलेली मुलांची हाडं वेस्टमिन्स्टर ॲबी या लंडनच्या चर्चमध्ये कलशात ठेवलेली आहेत. त्यांची डीएनए चाचणी अजून झालेली नाही, ती व्हायलाच हवी.

त्याची बाजू मांडायचीच असेल तर त्याच्या राज्यात १४८४ च्या संसदेनं केलेले कायदे बघा: संशयितांना जामीन, दोष सिद्ध होण्याआधी मालमत्ता जप्त करायला मनाई, राजासाठी सक्तीनं उकळल्या जाणाऱ्या देणग्या बंद.