मानेतली गाठ म्हणजे टीबीच असं धरू नका

काही जण म्हणतात की किडनी ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सर होतो तो इम्युनिटी कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे, तर ते अर्धंच खरं हो, कारण गोळ्या वाट मोकळी करतात पण काही गाठींमागे व्हायरस असतो. आमच्या खानापूरच्या मामांचं सांगते, ट्रान्सप्लांटला दीड वर्ष झालेलं, मानेत गाठ आणि रात्री ताप, इकडं सगळ्यांनी टीबीच धरला (आपल्याकडं टीबी एवढा आहे की तसं वाटणारच, पण दोन महिने गेले की त्यात) आणि शेवटी बेळगावात बायोप्सी केली तेव्हा पीटीएलडी निघालं (ट्रान्सप्लांटनंतर पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून होणारा, कॅन्सरसारखा आजार), ईबर (गाठीत व्हायरस आहे का बघायची तपासणी) पॉझिटिव्ह. म्हणजे गाठीमागे एपस्टाईन-बार व्हायरस. हा बहुतेक सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून असतो, लाळेतून येतो, बी पेशींत (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) गप्प पडून राहतो, टी पेशी (दुसरा प्रकार) त्याला दाबून ठेवतात. टॅक्रोलिमसनं (इम्युनिटी कमी करणारी तीच गोळी) टी पेशीच मंदावल्या की त्या बी पेशी वाढत सुटतात.

आणि अजून एक, की पहिला उपाय बहुतेक वेळा गोळ्यांचा डोस कमी करणं हाच असतो, मामांना त्यावर रिटुक्सिमॅब (बी पेशी मारणारं औषध) पण दिलं आणि गाठ विरघळली. पण डोस डॉक्टरांनीच कमी करायचा, स्वतःहून गोळ्या बंद केल्या तर किडनीच जाईल! कापोसी सार्कोमा (कातडीवर डाग पडणारा कॅन्सर) पण असाच, त्याचा व्हायरस एचएचव्ही-८, १९९४ मध्ये सापडला, त्यात गोळी बदलून सिरोलिमस (इम्युनिटी कमी करणारी दुसरी गोळी) दिली तर काहींचे डाग जातात. गाठ दिसली की बायोप्सी मागून घ्या, लाजू नका.