लॅपटॉपच्या ड्रायव्हरला डीबगएफएसची खिडकी हवी की नको?

चिमटापक्कड: लिनक्स कर्नलमधला असूस-डब्ल्यूएमआय (असूस लॅपटॉपचा) ड्रायव्हर डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या आत डोकावायच्या फायलींच्या खास जागेत, काही फायली ठेवतो. 'देव-आयडी'त उपकरणाचा आकडा लिहायचा, 'डीएसटीएस' वाचायची, की फर्मवेअरचं (लॅपटॉपमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं) उत्तर समोर. अशी सोय प्रत्येक लॅपटॉप ड्रायव्हरमध्ये असावी असं माझं स्पष्ट मत आहे. नव्या मॉडेलवर कीबोर्डचा दिवा लागत नाही म्हणून आलेल्या माणसाला कर्नल बिल्ड करायला कसं सांगणार? त्यापेक्षा देव-आयडीत हेक्स ५००२१ (कीबोर्डच्या दिव्याचा आकडा) लिहून डीएसटीएस कॅट करा, म्हणजे वाचा, म्हणावं. उत्तरात हेक्स १०००० चा बिट असला तर दिवा फर्मवेअरला ठाऊक आहे, दोष ड्रायव्हरमध्ये शोधायचा. 'नो सच डिव्हाइस' आलं तर फर्मवेअरनेच हात वर केलेत.

अर्धविराम: असहमत. त्याच फोल्डरमधली 'डेव्ह्स' पाहिलीत का? परवानगी ०४४४, म्हणजे दिसायला निव्वळ वाचायची फाइल. पण ती वाचली की 'कंट्रोल-पॅराम'मधला आकडा थेट फर्मवेअरला जातो! समजा चाचणी करताना देव-आयडीत हेक्स १२००५७ (बॅटरी चार्जिंगची मर्यादा) आणि पॅराममध्ये ६० लिहिले. ते आकडे तिथेच पडून राहतात. पुढे मर्यादा परत १०० केली आणि नंतर कुणी रूट होऊन त्या फोल्डरवर ग्रेप -आर (सगळ्या फायली वाचून शोधणारी आज्ञा) मारला, की बॅटरी पुन्हा ६० वर अडकली. वाचण्याने काही बदलू नये, एवढी साधी अपेक्षा असते हो.

चिमटापक्कड: तो त्या फायलीचा दोष, खिडकीचा नव्हे. कृती करणारी फाइल ०२००, वाचायची ०४००, विषय संपला. आयडियापॅडच्या ड्रायव्हरमधल्या 'सीएफजी' आणि 'स्टेटस' नुसत्या वाचायच्याच आहेत. लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारी सोय) चालू असलेल्या मशिनवरही त्या उघडतात, कारण नुसती वाचायची साधी फाइल तिथे अडवली जात नाही.

अर्धविराम: मूळ अडचण वेगळीच आहे. असूसमध्ये हे फोल्डर प्रोबच्या (ड्रायव्हर उपकरणाला जोडून घेतो त्या पायरीच्या) अगदी शेवटी तयार होतं. प्रोब आधीच आपटला तर फोल्डरच नाही, आणि नव्या मॉडेलवर नेमका प्रोबच आपटतो. तिथे देव_डीबीजी (ड्रायव्हरमध्ये आधीच लिहून ठेवलेले, हवे तेव्हा चालू करायचे डीबग संदेश) कामाला येतं: बूट ओळीत मॉड्यूलचं नाव, टिंब, 'डायनडीबीजी=+पी'. डीबगएफएस बंद असलं तरी प्रॉकमधली कंट्रोल फाइल चालते. मॉड्यूल चढल्यावर हवं तर तिथेच 'मॉड्यूल अमुक +पी' लिहा.

शून्यांश: देव_डीबीजी तेवढंच बोलतं जेवढं लिहिणाऱ्याला आधी सुचलेलं असतं. न सुचलेला आकडा विचारायचा तर खिडकीच लागते. एसीपीआयडम्प आणि आयएएसएल या साधनांनी डीएसडीटी (फर्मवेअरने दिलेलं उपकरणांचं वर्णन) उलगडता येतं, पण त्यात ईसीच्या (कीबोर्ड, बॅटरी वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या चिपच्या) पोटातला चालू आकडा नसतो. मला ईसी-सिस या मॉड्यूलची पद्धत पटते: ईसीचे २५६ बाइट वाचायला खुले, लिहायचं असेल तर मॉड्यूल चढवताना राइट_सपोर्ट=१ द्यायचं. 'डेव्ह्स'ला असाच पॅरामीटर लावायला हरकत काय?

अर्धविराम: त्याला नाही. पॅच असेल तर बघतो.