चर्चा: सांगली सिव्हिल मिरज मेडिकलपासून वेगळं काढावं का?

कृष्णाकाठ
विषय जुनाच आहे, पण नव्यानं काढतो. आपलं शासकीय मेडिकल कॉलेज मिरजेत, त्याचं एक रुग्णालय मिरजेत आणि दुसरं सांगलीत, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. आपल्या भाषेत सिव्हिल. दोन्हीकडे अधिष्ठाता, म्हणजे डीन, एकच. मधे आठ-दहा किलोमीटर, विश्रामबागचा सिग्नल आणि दोन गावांची शंभर वर्षांची भाऊबंदकी.

माझं म्हणणं सरळ आहे. सांगलीला स्वतंत्र कॉलेज द्या, स्वतंत्र अधिष्ठाता द्या. साहेब ज्या इमारतीत बसतात तिथलं प्लास्टर आधी होतं, हे कुठल्याही खात्यात बघा. आणि हे कुठंच झालं नाही असंही नाही. मुंबईच्या जेजे समूहात चार रुग्णालयं होती: भायखळ्याचं जेजे, धोबीतलावचं जीटी, सीएसएमटीजवळची कामा आणि सेंट जॉर्ज. त्यातल्या जीटी आणि कामा मिळून २०२४ साली ५० जागांचं वेगळं शासकीय मेडिकल कॉलेज निघालंच की. मुंबईत एकातून दुसरं निघतं, मग आम्ही काय घोडं मारलंय?

सतारमेकर_गल्ली
आला का विषय. सांगलीकरांना मिरजेतलं काही दिसलं की आपल्या अंगणात न्यावंसं वाटतं. १९६२ ला कॉलेज मिरजेत निघालं ते कुणाच्या मेहरबानीनं नव्हे. त्याच्या आधी सत्तर वर्षं इथं वैद्यकी चालू होती. डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून आले, संस्थानानं जागा दिली, १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. जंक्शन असल्यामुळं रेल्वेनं कुठून कुठून पेशंट यायचे. १९२८ ला त्यांना 'सर' किताब मिळाला. सरकारी कॉलेज सुरू झालं तेव्हा पोरं शिकली ती याच मिशनच्या वॉर्डात आणि तुमच्या सिव्हिलमध्ये. म्हणजे ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे, नंतर चिकटवलेली नव्हे.

बाकी तुम्ही म्हणाल तर वॉन्लेसवाडी पण सांगलीचीच म्हणा. मधेच आहे, कुणीही ओढा.

कृष्णाकाठ
दादा, मिशनचा मान कुणी नाकारत नाही. पण १८९४ च्या पुण्याईवर आजचा एक्स-रे निघत नाही. कारभाराचं बोला.

पीजी_थर्ड_इयर
आत काम करणारा म्हणून लिहितो. कुठं ते सांगत नाही, पण सरकारीच आहे.

वेगळं कॉलेज म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. शिकवण्याच्या रुग्णालयाचा पाया म्हणजे युनिट. एका युनिटमध्ये एक प्राध्यापक, त्याच्या हाताखाली सहयोगी, सहायक, सीनियर रेसिडेंट, मग आमच्यासारखी हमाली करणारी जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट मंडळी. युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, त्याच दिवशी इमर्जन्सी पण त्याचीच. असे युनिट प्रत्येक विषयात. शरीररचनेपासून न्यायवैद्यकापर्यंत, पेशंटला हातही न लावणारे विषयसुद्धा पूर्ण भरावे लागतात. आज दोन रुग्णालयांत मिळून जेवढी माणसं पुरत नाहीत, तेवढी दोन कॉलेजांना पुरवणार कोण?

राज्यात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. तपासणी आली की इकडचे सर तिकडं प्रतिनियुक्तीवर. आधी तपासणीला देशाची वैद्यकीय परिषद एमसीआय होती, २०२० पासून तिच्या जागी एनएमसी आली, पण गाडीत बसून जाणारे सर तेच. आठवडाभर त्या कॉलेजात हजेरी, की परत मूळ गावी. दोन कॉलेजं केली तर विश्रामबागच्या सिग्नलला दोन्हीकडचे प्राध्यापक एकमेकांना हात करतील, दुसरं काही होणार नाही.

हळद_रोड
@पीजी_थर्ड_इयर हसलो, पण हे तर्कट उलटंही फिरतं. माणसं नाहीत म्हणून कॉलेज नको, आणि कॉलेज नाही म्हणून पदं मंजूर नाहीत. असंच म्हणत बसलो असतो तर १९६२ ला तरी कुठं होती माणसं?

निवृत्त_सिस्टर
मी तेहेतीस वर्षं नोकरी केली, चार जिल्ह्यांत. इथं सगळे खुर्च्यांबद्दल बोलताहेत म्हणून थोडं वॉर्डातलं सांगते.

सकाळी नऊला मोठ्या सरांचा राउंड. त्याआधी आठला पोरं येतात, हातात वही. खाटेवर एक म्हातारी असते, पोटात दुखतं म्हणून आलेली. पहिला पोरगा विचारतो, कधीपासून दुखतं? ती म्हणते, झालं चार दिस. दुसरा विचारतो, तिसरा विचारतो. चौथ्याला ती वैतागते. आणि सहाव्या-सातव्या पोरीशी, ती जरा खाली बसून बोलते म्हणून, म्हातारी मोकळी होते आणि सुनेनं दिलेल्या कसल्याशा पुड्यांची गोष्ट काढते. त्या पुड्यांतच सगळं असतं. शिकवण्याचं रुग्णालय म्हणजे हे. पेशंटला त्रास होतो आणि पेशंटचाच फायदाही होतो.

आता मला सांगा, ही म्हातारी सांगलीत असली काय आणि मिरजेत असली काय. पोरं तिच्यापर्यंत पोचली पाहिजेत. दोन ठिकाणं आहेत म्हणून पोरांना दोन तऱ्हेचे पेशंट बघायला मिळतात. ते तोडू नका.

आणि एक गाऱ्हाणं. ते सांगली-मिरजेचं नाही, नाव घेणार नाही. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी होते तिथं दोन इमारती, मधे रस्ता. रक्ताच्या पिशवीची चिठ्ठी घेऊन नातेवाईक या इमारतीतून त्या इमारतीत, तिथून सही नाही म्हणून परत. रात्री अडीच वाजता एक माणूस हातात ती चिठ्ठी धरून रस्त्याच्या दुभाजकावर बसलेला मी खिडकीतून बघितला. कुठल्या बाजूला जायचं तेच त्याला कळेना झालेलं. साहेब एकच होता तिथं. एक साहेब असून काय उपयोग?

कृष्णाकाठ
सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे की 🙂

निवृत्त_सिस्टर
नाही हो. साहेब वेगळा करून ती चिठ्ठी कमी होत नाही, वाढते. मग दोन खात्यांच्या सह्या.

ग्रँट_रोडचा_सांगलीकर
मुंबईत शिकलो, त्यामुळं जेजेवर बोलायचा थोडा हक्क आहे. कृष्णाकाठ यांनी उदाहरण दिलं, पण अर्धंच.

जेजे समूह कुणी एका दिवशी बसून आखलेला नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी लाखभर रुपये दिले, कंपनी सरकारनं भर घातली आणि १८४५ ला रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज असं जोडीनंच सुरू झालं. कॉलेजला नाव गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटचं, तो बिचारा १८३८ लाच दापोडीत वारला होता. पहिल्या तुकडीत आपले भाऊ दाजी लाड. बाकीची तीन रुग्णालयं मागनं वेगवेगळ्या कारणांनी आली. जीटी १८७४ चं, गोकुळदास तेजपाल यांच्या देणगीतलं. कामा १८८६ चं, पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या पैशातून, फक्त बायका-मुलांसाठी आणि चालवणाऱ्याही बायकाच. इंग्लंडहून डॉक्टर एडिथ पीची आली ती याच रुग्णालयासाठी. सेंट जॉर्ज १८९२ चं, आधी गोऱ्यांसाठी. म्हणजे एक पारशी शेठ, एक भाटिया शेठ, एक बायकांची चळवळ आणि एक गोऱ्या साहेबांची सोय, अशी चार घरं पुढं एका कुटुंबात आली. चौघांचे स्वभाव वेगळे राहिले, कामही वाटलेलं राहिलं. बाळंतपणाची परंपरा कामा रुग्णालयाची, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आपल्याकडं नेमकं हे झालं नाही. दोन रुग्णालयं आहेत, पण सांगली कशासाठी आणि मिरज कशासाठी याचं उत्तर रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, 'जवळ कुठलं ते'. वेगळं काढू नका, वाटून घ्या. हाडांचं एकीकडं, बाळंतपण-बालरोग दुसरीकडं, आणि अपघात विभाग मात्र दोन्हीकडं.

लेखापरीक्षक_निवृत्त
जेजेचे गोडवे गाताय म्हणून आठवण करून देतो. १९८६. मेंदूवरची सूज उतरवायला देतात ते ग्लिसरीन, त्यात औद्योगिक वापराचं विषारी रसायन आलं आणि १४ पेशंट गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. आयोगानं औषध खरेदीपासून औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएपर्यंत सगळी साखळी उघडी केली. समूह मोठा झाला की खरेदी मोठी होते, आणि खरेदी मोठी झाली की मधे हात वाढतात.

नंतर सरकारनं काय केलं? २०१७ ला खरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडं दिली. ते जमेना, म्हणून २०२३ ला कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. म्हणजे आज अधिष्ठाता एक असो की दोन, औषधाचा कागद मुंबईलाच जातो. तुम्ही भांडताय गल्लीत, तिजोरी आहे दिल्ली... म्हणजे मुंबईत.

सातारी_कंदी
साताऱ्याहून राम राम. आमचा अनुभव ऐका, मग वेगळं मागा.

आमच्याकडं २०२१-२२ पासून शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं, १०० जागा. त्याआधी गंभीर पेशंट म्हणजे कऱ्हाड नाहीतर पुण्याचं ससून. कॉलेज आलं याचा आनंद मोठा होता, पेढे मी पण वाटलेत, कंदीच. कृष्णानगरला जागा, तिथं काम चालू. पण तोवर पोरं शिकणार कुठं? क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात. ते मूळचं सार्वजनिक आरोग्य विभागाचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं, अधिष्ठात्यांच्या. एका घरात दोन चुली.

आणि हा फरक फक्त साहेबांच्या पाटीचा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्या मोफत झाल्या, पेपरात मोठ्या बातम्या आल्या. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा, म्हणजे त्यांच्या दवाखान्यांपुरता. खिडकीवर उभ्या माणसाला हे कसं समजावणार, की बाबा हा दवाखाना सरकारचाच आहे, पण ते सरकार वेगळं?

तुमचं सांगली-मिरज निदान एकाच खात्याचं आहे. पिकलेलं झाड तोडून रोपटं लावू नका.

हळद_रोड
म्हणजे साताऱ्याला नवीन मिळालं की चांगलं, सांगलीनं मागितलं की झाड तोडलं. वा.

सातारी_कंदी
आमच्याकडं नव्हतंच ना भाऊ. नसलेल्यानं मागणं आणि असलेल्यानं फाळणी मागणं, यात फरक आहे.

पीजी_थर्ड_इयर
कोविडचा मुद्दा कुणीच काढला नाही, आश्चर्य आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला पहिले पेशंट सापडले आणि मिरजेचं रुग्णालय कोविडसाठी राखीव झालं. बाकी पेशंट सांगली सिव्हिलला. एका अधिष्ठात्याखाली दोन रुग्णालयं होती म्हणून ही विभागणी झटक्यात झाली. दोन अधिष्ठाते असते तर आधी कोण कोविड घेणार यावर पत्रव्यवहार झाला असता. आणि पुराचंही तेच. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. सांगली नदीच्या काठाला, मिरज उंचावर. एक बुडालं तर दुसरं हाताशी असावं, तेही एकाच हुकमाखाली.

कृष्णाकाठ
कोविडचा मुद्दा मान्य. तो मी विसरलो होतो, खोटं कशाला बोलू. फाळणीचा हट्ट थोडा सैल करतो.

पण 'वाटून घ्या' म्हणणाऱ्यांना विचारतो. महापालिका १९९८ ला एकत्र केली, सांगली, मिरज, कुपवाड. कागदावर एक शहर. आजही मिरजकर म्हणतो निधी सांगलीला जातो, सांगलीकर म्हणतो मिरजेला जातो, आणि कुपवाडकर दोघांकडं बघत बसतो. रुग्णालयाचं वेगळं काय होणार? हाडं मिरजेला दिली तर सांगलीत मोर्चा. बाळंतपण सांगलीला दिलं तर मिरज बंद.

सतारमेकर_गल्ली
बंद तर करणारच 😄

ग्रँट_रोडचा_सांगलीकर
मोर्चा निघेल, दोन महिन्यांनी विसरतील. पण आज हाडाचा सर्जन सकाळी इकडं आणि दुपारी तिकडं जातो, त्यातला प्रवासाचा तास कुणाच्या मोर्चात नाही.

कृष्णाकाठ
ठीक. वाटणी झाली असं धरू. रात्री दोन वाजता जतहून गाडी निघाली. पोटुशी बाई, आणि तिच्यासोबत पडलेला, पाय मोडलेला नवरा. बाळंतपण सांगलीत, हाड मिरजेत. कुठं वळवायची?

एकशेआठ_वाला
मी १०८ च्या अँब्युलन्सवर आहे, म्हणून सांगतो. जत, कवठेमहांकाळकडनं आलो की मिरज आधी लागतं. इस्लामपूर, तासगावकडनं आलो की सांगली. तुम्ही पाटी कुठलीही लावा. बाईचं पाणी गेलं असेल तर मी आधी लागेल तिथं थांबवतो, नवरा पण तिथंच उतरतो. मग आतले डॉक्टर एकमेकांना फोन करतात. तो फोन रात्री लागतो का नाही, एवढंच बघा तुम्ही. बाकी तुमचं चालू द्या.