वाचन उपक्रमाचा अनुदान प्रस्ताव त्रुटीत परत आलाय. काय बदलू?

भोरची शिक्षिका: जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 52. पुस्तकं, कपाट आणि सतरंज्या यांसाठी प्रस्ताव पाठवला होता. "गरज स्पष्ट नाही, अंदाजपत्रक त्रुटीयुक्त" असा शेरा आला. गरजेत "मुलांना वाचनाची गोडी लागावी" असं लिहिलं होतं.

माजी केंद्रप्रमुख: मॅडम, गोडी मोजता येत नाही, म्हणून तो शेरा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं उद्दिष्ट मोजता येतं: तिसरीअखेर अर्थ समजून मिनिटाला किमान 60 शब्द. तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाकडून न वाचलेला उतारा घड्याळ लावून वाचून घ्या, बरोबर शब्द मोजा, मग उताऱ्यावर दोन प्रश्न विचारा. पाठ्यपुस्तकातला उतारा नको, मुलं तो पाठ म्हणतात आणि आकडा फुगतो.

मग गरज अशी लिहिता येते: "27 पैकी 11 मुले मिनिटाला 60 किंवा अधिक शब्द वाचतात, 16 त्याखाली आहेत. त्यांपैकी 9 जोडाक्षरांवर अडतात. त्यांना झेपतील अशी पुस्तके शाळेत 14." या वाक्यातूनच पुस्तकांची यादी ठरते. त्या 9 जणांसाठी मोठ्या टायपातली, जोडाक्षरं नसलेली पुस्तकं हवीत, आणि ती यादीत दिसली पाहिजेत. यादीत सरसकट थोरांची चरित्रं असतील तर गरज एक आणि मागणी दुसरीच होते. चाचणीचा तक्ता तारखेसह जोडा. मुलांची नावं नकोत, हजेरी क्रमांक पुरेत.

लेखाविभाग_पुणे: अंदाजपत्रकात बहुतेक जण जीएसटीत फसतात. छापील पुस्तकांवर कर शून्य, स्टीलच्या कपाटावर 18 टक्के. म्हणजे 7,500 चं कपाट 8,850 ला पडतं. उदाहरणादाखल: 200 पुस्तकं सरासरी 60 रुपयांनी 12,000, कपाट 8,850, सतरंज्या दोन 3,000, नोंदवह्या आणि कव्हरं 650. एकूण 24,500, आकड्यात आणि अक्षरी. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही हीच रक्कम हवी. ठरावात 25,000 आणि अंदाजपत्रकात 24,500 असेल तर कागद तिथेच थांबतो.

तीन दुकानदारांकडून दरपत्रकं घेताना तिघांनाही एकच मोजमाप लिहून द्या: उंची, खण, पत्र्याची जाडी. नाहीतर एकाचं कपाट पाच फुटी, दुसऱ्याचं साडेसहा फुटी येतं आणि तुलनात्मक तक्ता करताच येत नाही. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात चौकशी केलीत तर छापील किंमत आणि सूट वेगळ्या रकान्यांत लिहून घ्या.

ग्रंथालय_समन्वयक: मुळात कपाट हवंय का, हेही बघा. कुलूपबंद कपाटातली पुस्तकं मुलांच्या हाती पडत नाहीत, हे तपासणीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधा आणि 16 ते 24 पानी पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका. मूल मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलतं. जाड पुस्तकांना छोटी मांडणी पुरते. कपाटाचे पैसे पुस्तकांकडे वळवले तर प्रस्तावालाही वजन येतं.

माजी केंद्रप्रमुख: सोबतचे कागद: यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा 11 अंकी ओळख क्रमांक (पुणे जिल्ह्यात 2725 ने सुरू होणारा), शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत (क्रमांक, तारीख, सह्या), शाळा विकास आराखड्यातलं संबंधित पान आणि मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला. ते थकलं असेल तर आधी तेच द्या. समग्र शिक्षा या शासकीय शालेय योजनेतून ग्रंथालयासाठी आधी पैसे आले असतील तर लपवू नका. त्यातून काय घेतलं ते लिहा, आणि तीच वस्तू पुन्हा मागत नसल्याचा दाखला जोडा.

भोरची शिक्षिका: धन्यवाद सर. अंमलबजावणीत "रोज वाचन" लिहिलं तर चालेल?

ग्रंथालय_समन्वयक: नको. वार आणि तासिका लिहा, उदा. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटची तासिका, कोणत्या वर्गाला कोण बसणार तेही. दोन शिक्षकांना चार वर्ग एकदम सांभाळता येत नाहीत, म्हणून चौथीचं मूल पहिलीच्या मुलाला वाचून दाखवेल अशी जोडी लावा. देवघेव नोंदवहीत पुस्तक क्रमांक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख एवढेच रकाने ठेवा, मुलं स्वतः भरतील. ही नोंदवहीच उपक्रम चालल्याचा पुरावा. सहा महिन्यांनी तितक्याच काठिण्याचा नवा उतारा घेऊन चाचणी पुन्हा घेणार, हे तारखेसह लिहा.