बिल्ड स्क्रिप्टने कोअर स्वतः मोजावेत, की आकडा चालवणाऱ्याने द्यावा?

अनवाणी (मूळ लेखन)

गेल्या आठवड्यात एका जुन्या सी++ प्रकल्पाचा सोर्स उतरवला आणि त्यात लिहिल्याप्रमाणे नुसतं 'मेक' (सोर्सपासून प्रोग्राम बांधणारं, म्हणजे 'बिल्ड' करणारं साधन) चालवलं. पाऊण तास झाला तरी संपेना. बघतो तर प्रोसेसरच्या १६ थ्रेडपैकी (एका वेळी एकेक काम करणारे भाग, पुढे त्यांनाच कोअर म्हटलंय) एकच राबतोय आणि बाकीचे १५ रिकामे बसलेत. मेकला आकडा दिला नाही तर तो एका वेळी एकच काम करतो, हे मला माहीत आहे. पण ज्याला माहीत नाही तो 'हे सॉफ्टवेअर बांधायला फार वेळ लागतो' असं समजून नाद सोडून देतो.

बरं, कामांची संख्या सांगणारा '-जे' पर्याय आकडा न देता नुसता लिहिला तर उलटीच गत होते. मेक कामांवर मर्यादाच ठेवत नाही, शेकडो कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम) एकदम सुटतात आणि मशीन गोठतं. म्हणजे आकडा हवाच, आणि तो काढायची सोय सगळीकडे आहे. लिनक्सवर कोअर मोजणारा एनप्रॉक २००९ पासून आहे. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर सिसकंट्रोलला 'एचडब्ल्यू डॉट एनसीपीयू' विचारायचं. विंडोजवर नंबर-ऑफ-प्रोसेसर्स हा एनव्हायरनमेंट व्हेरिएबल तयारच असतो. बिल्ड चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चार-पाच ओळींचं काम आहे. मेकसारखाच निंजा तर कोणी न सांगता कोअर मोजतो आणि वर दोन कामं जास्तच धरतो.

माझं म्हणणं इतकंच: बिल्ड स्क्रिप्टने कोअर स्वतः मोजावेत आणि तेवढी कामं सोडावीत. हे ओझं वापरणाऱ्यावर टाकू नये.

शेवटचा_बाक

पूर्ण असहमत. मी एका लिनक्स डिस्ट्रोसाठी (लिनक्सच्या तयार संचासाठी) पॅकेजं बांधतो, त्यामुळे हा उत्साह मला रोज निस्तरावा लागतो. बिल्ड मशीनला ३२ थ्रेड आहेत आणि त्यावर एका वेळी चार पॅकेजं बांधली जातात. प्रत्येकाची स्क्रिप्ट 'अरे वा, ३२ आहेत' म्हणून ३२ कामं सोडते. झाले १२८ कंपायलर. स्क्रिप्टला मशीन दिसतं, पण शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही.

मेकमध्ये यासाठी जॉबसर्व्हर आहे. वरचा मेक ठरावीक टोकन वाटतो आणि त्याने आत चालवलेले सगळे मेक त्यातूनच घेतात, त्यामुळे एकूण संख्या हाताबाहेर जात नाही. आतल्या मेकला तुम्ही स्वतःचा '-जे' आकडा चिकटवलात की तो या व्यवस्थेतून फुटतो आणि आपलं वेगळं दुकान मांडतो. मेक तशी वॉर्निंगही देतो, ती कोणी वाचत नाही. डेबियन या डिस्ट्रोमध्ये पॅकेज बांधणाऱ्याला 'पॅरलल' हा पर्याय आकड्यासकट देता येतो, तो याचसाठी. आकडा ठरवायचा हक्क बिल्ड चालवणाऱ्याचा आहे, प्रकल्प लिहिणाऱ्याचा नाही.

अनवाणी

जॉबसर्व्हरचा मुद्दा मान्य, तो मी मूळ लेखनात घ्यायला हवा होता. वरून मेकफ्लॅग्ज (मेकला दिलेले पर्याय) आलेले असतील किंवा सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाचा पॅरलल-लेव्हल व्हेरिएबल कोणी आधीच भरला असेल, तर स्क्रिप्टने तोंड उघडू नये. पण तुम्ही सांगता ती परिस्थिती पॅकेज बांधणाऱ्यांची आहे. त्यांना आकडा कुठे द्यायचा ते ठाऊक असतं. ज्याने काहीच दिलं नाही त्याच्यासाठी '१' हा डिफॉल्ट कोणाच्या फायद्याचा?

टाकसाळ

हक्क कोणाचा ते नंतर ठरवा. मुळात जो आकडा मोजताय तो खरा असतो का?

कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, बिल्ड लावणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. होस्टला (मूळ मशीनला) ६४ कोअर, कंटेनरला कोटा दोन सीपीयूंचा. सीग्रुपच्या (मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) 'सीपीयू डॉट मॅक्स' फाइलमध्ये लिहिलेलं असतं २००००० आणि १०००००, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २०० मिलिसेकंदांचा सीपीयू वेळ. जुना एनप्रॉक ही फाइल उघडतच नाही. तो अ‍ॅफिनिटी बघतो, म्हणजे कुठले कोअर वापरायची मुभा आहे ते, त्यामुळे टास्कसेट कमांडने कोअर बांधून दिले तर बरोबर उत्तर देतो, पण कोटा असला तरी बेधडक ६४ सांगतो. मग ६४ कंपायलर एकदम धावतात, सगळा कोटा जेमतेम ३ मिलिसेकंदांत फस्त करतात आणि उरलेले ९७ मिलिसेकंद सगळेच अडकून पडतात. दर १०० मिलिसेकंदांना हेच. मेमरी मात्र ६४ जणांची लागते.

मोठमोठ्यांना हे उशिरा सुधारावं लागलंय. जावाने २०१८ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, कंटेनरची मर्यादा बघायला सुरुवात केली. गो भाषेच्या रनटाइममध्ये ते २०२५ साली १.२५ मध्ये आलं. एनप्रॉकही आता सीग्रुपचा कोटा धरतो, पण ज्या संचात तो येतो त्या कोअरयुटिल्सच्या ९.८ आवृत्तीपासून. तुमच्या बिल्ड इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) कुठली आवृत्ती आहे ते बघा, बहुतेक त्याआधीचीच असेल.

म्हणून मी मोजण्याच्या विरोधात नाही, 'बसवलेले कोअर' मोजण्याच्या विरोधात आहे. प्रश्न 'मला किती वापरायची परवानगी आहे' असा हवा. बसवलेल्या प्रोसेसरांची यादी देणाऱ्या प्रोसीपीयूइन्फो फाइलमधल्या ओळी ग्रेप कमांडने मोजणाऱ्या स्क्रिप्ट अजून दिसतात, त्या तर आजच काढून टाकाव्यात.

पाणवठा

सगळे कोअरवर बोलताय, मेमरीवर कोणीच नाही, म्हणून लिहिते.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिला पॅच द्यायचा म्हणून मी एक मोठा सी++ प्रकल्प उतरवला होता. लॅपटॉपला ८ थ्रेड आणि ८ जीबी रॅम. स्क्रिप्टने आठ थ्रेड मोजले, आठ कामं सोडली. अर्ध्या वाटेवर कंपायलर 'किल्ड' एवढा एकच शब्द टाकून मेला. पुन्हा चालवलं तर दुसऱ्याच फाइलवर मेला. दोन दिवस मी कंपायलर बदलत होते, सोर्स पुन्हा उतरवत होते आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून चालले होते. रॅम संपल्यावर कर्नल (सिस्टमचा गाभा) स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतो, हे मला माहीत नव्हतं. स्क्रिप्टने कुठेही सांगितलं नव्हतं की तिने आठ हा आकडा निवडलाय. मला वाटत होतं, एका वेळी एकच काम चाललंय.

जेंटू या लिनक्स डिस्ट्रोवाले प्रत्येक कामामागे २ जीबी रॅम धरायला सांगतात. त्या हिशेबाने माझ्या मशीनला चार कामं, आणि ब्राउझर उघडा असेल तर तीनच. हा भागाकार स्क्रिप्टला येत नसेल तर तिने कोअरही मोजू नयेत. संथ चालणारं बिल्ड निदान पूर्ण तरी होतं.

शेवटचा_बाक

पाणवठा, तुमचे ते दोन दिवस वाया गेले याचं खरंच वाईट वाटतं. पण २ जीबीचा नियमही सगळीकडे लागू पडत नाही. साध्या सी फाइलला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो, तिथे तुम्ही विनाकारण कोअर रिकामे ठेवाल. उलट डीबग माहितीसकट मोठी लायब्ररी लिंक करताना कंपाइल झालेले तुकडे जोडणारा एकटा लिंकर कितीतरी जीबी खातो. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या बिल्डमध्ये लिंकची कामं किती चालवायची याचा पर्याय कंपाइलच्या कामांपासून वेगळा ठेवलाय, तो उगाच नाही. कुठली पायरी जड आहे हे प्रकल्प लिहिणाऱ्यालाच कळतं, कोअर मोजून कळत नाही.

तिरकी_रेघ

मला डिफॉल्ट '१' च हवा, आणि कारण वेगळं आहे. कित्येक मेकफाइलींमध्ये (मेकला सूचना देणाऱ्या फाइलींमध्ये) अवलंबनं, म्हणजे कुठलं काम कुठल्यावर अवलंबून ते, अर्धवट लिहिलेली असतात. जनरेट होणारी हेडर फाइल आधी तयार व्हायला हवी हे कुठेच लिहिलेलं नसतं, एकामागून एक चालवताना ते योगायोगाने जमून जातं. स्क्रिप्ट कोअर मोजू लागली की प्रत्येकाचं बिल्ड वेगळं होतं. चार कोअरवर चालतं, १६ वर कधीतरी फुटतं, आणि ती तक्रार पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

अनवाणी

इथे मात्र मी हटणार नाही. ती चूक मेकफाइलीची आहे, कोअरची नाही. '-जे १' ने ती दुरुस्त होत नाही, झाकली जाते, आणि पुढे पॅकेज बांधणाऱ्याच्या अंगावर येते. २०२२ च्या मेक ४.४ मध्ये 'शफल' हा पर्याय आलाय, तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो. तो चार-पाचदा चालवला तर अशी पुष्कळ राहून गेलेली अवलंबनं सापडतात. प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी ते करावं.

टाकसाळ आणि पाणवठा यांचं मात्र पटलं. माझ्या स्क्रिप्टचा क्रम आता असा: वरून आकडा आला असेल तर तोच. नसेल तर अ‍ॅफिनिटी आणि कोटा यांतला लहान आकडा. मग मोकळ्या रॅमला २ जीबीने भागून येणारं उत्तर त्याहून लहान असेल तर ते, पण एकपेक्षा कमी कधीच नाही.

टाकसाळ

रॅम बघताना तीच चूक होईल, सांभाळा. कंटेनरमधून 'मेमइन्फो' ही मेमरीची फाइल वाचलीत तर सहसा होस्टची मेमरी दिसते. सीग्रुपची 'मेमरी डॉट मॅक्स' ही फाइलही बघायला हवी.

पाणवठा

आणि निवडलेला आकडा कारणासकट सुरुवातीलाच छापा. '८ थ्रेड, मोकळी रॅम ७ जीबी, म्हणून ३ कामं' अशी एक ओळ, आणि बदलायचा असेल तर कसा बदलायचा ते त्याखाली. मला तेव्हा ही ओळ दिसली असती तर मी 'किल्ड' वाचल्यावर आधी रॅम तपासली असती.

शेवटचा_बाक

ती ओळ छापणार असाल तर माझी निम्मी हरकत संपली. उरलेली निम्मी अशी की हे सगळं वेगळ्या स्क्रिप्टमध्ये राहू द्या, मेकफाइलीच्या आत घालू नका. माझी पॅकेजं थेट मेकला हाक मारतात. तिथे तुमचा एकही आकडा नको.