नंदीध्वज मिरवणुकीचे ५.१ ध्वनिमुद्रण: प्रती ओपसमध्ये द्याव्यात की एसी-३ मध्ये?

धागाकर्ता

सोलापूरच्या गड्डा यात्रेत उत्तर कसब्यातील एका गच्चीवरून आम्ही नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे अनेक माइक लावून ध्वनिमुद्रण केले आणि त्याचे ५.१ मिश्रण (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनेल) तयार केले. पुढच्या तीन स्पीकरांवर हलगी, सनई आणि मानकऱ्यांचा गजर आहे; मागच्या दोहोंवर ‘हर्र बोला हर्र’ म्हणत पुढे सरकणारी गर्दी आहे. दीड तासाची २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची मूळ फाइल सुमारे ४.७ जीबी भरते, आणि फॅट३२ पेनड्राइव्हवर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असल्याने ती त्यावर मावतच नाही. नातलगांना प्रती द्यायच्या असल्यामुळे लॉसी फॉरमॅट, म्हणजे थोडा तपशील गाळून फाइल लहान करणारा, निवडणे भाग आहे. ओपस आणि एसी-३ (डॉल्बी डिजिटल) या तशा दोन फॉरमॅटांपैकी माझे मत ओपसच्या बाजूने आहे. तो २०१२ साली प्रमाणित झाला, त्यासाठी रॉयल्टी लागत नाही, आणि सहा चॅनेलना मिळून २५६ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट, म्हणजेच बिटरेट) दिले तर फाइल साधारण १७३ एमबीची होते. एसी-३ चित्रपटगृहांत आला तो १९९२ साली. इतक्या जुन्या तंत्राला आज चिकटून राहण्याचे कारण मला दिसत नाही.

विजापूरवेस

कारण आहे, आणि ते आपल्या नातलगांच्या टीव्हीमागे खोचलेले आहे. बहुतेक घरांतील होम थिएटर टीव्हीला ऑप्टिकल केबलने किंवा एचडीएमआयच्या साध्या एआरसीने (टीव्हीतला आवाज ॲम्प्लिफायरकडे परत नेणारी सोय) जोडलेले असते, आणि या दोन्ही वाटांनी असंकुचित आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. सहा चॅनेल पाठवायचे असतील तर ते एसी-३ किंवा त्याच्यासारख्याच डीटीएसच्या संकुचित प्रवाहातूनच पाठवावे लागतात. टीव्हीने ओपस फाइल वाजवली तरी ती तो स्वतःच उलगडतो आणि ॲम्प्लिफायरकडे बहुधा स्टिरिओच पाठवतो, म्हणजे ज्या गर्दीसाठी आपण मागचे माइक लावले ती पुढच्या दोन स्पीकरांत येऊन कोंबली जाते. ऐकणाऱ्याला हे कळतही नाही, कारण आवाज तर येत असतो! एसी-३ चा प्रवाह मात्र टीव्हीतून जसाच्या तसा पुढे जातो आणि ॲम्प्लिफायर तो उलगडतो. ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असलेल्या नव्या संचांना बहुचॅनेल पीसीएम, म्हणजे असंकुचित आवाज, चालते हे मान्य. पण आपल्या किती नातलगांकडे तसा संच आहे, हे आधी विचारून घ्यावे.

नवखा

सगळीकडे चालणारे एमपी३ का नको?

विजापूरवेस

आपण सगळे वापरतो ते एमपी३ दोन चॅनेलचेच असते. येथे त्याचा उपयोग नाही.

धागाकर्ता

केबलचा मुद्दा बिनतोड आहे, पण दर्जाचे काय? एसी-३ ची खिडकी, म्हणजे तो एका वेळी तपासतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ नमुन्यांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ११ मिलिसेकंदांची. सनईच्या लांब, स्थिर सुरासाठी वारंवारता जितकी बारीक विभागता येईल तितके बिट वाचतात, आणि त्यासाठी खिडकी लांब लागते. एएसी या आणखी एका लॉसी फॉरमॅटची लांब खिडकी २०४८ नमुन्यांची असते ती याचसाठी. शिवाय बिटरेट कमी असला की एसी-३ वरच्या वारंवारतांत अनेक चॅनेलचा आवाज एकत्र बांधतो. पुढची झांज आणि मागच्या टाळ्या यांचा तेथे एकच काला होतो.

दोन्हीडगरी

मग एएसी का घेत नाही? ५.१ एएसी फोनवर, संगणकावर आणि बहुतेक टीव्हींवर वाजतो आणि एमपी४ मध्ये निमूट बसतो. एमपी४ मधला ओपस अजूनही कित्येक टीव्हींना उमगत नाही. ओपसच करणार असाल तर एक सूचना: मागचे चॅनेल ‘साइड’ म्हणून नोंदवलेले ५.१ दिले की एफएफएमपेग हा रूपांतराचा प्रोग्रॅम तक्रार करून थांबतो, तेव्हा मांडणी आधी साध्या ५.१ मध्ये बदलून घ्यावी लागते.

विजापूरवेस

ऑप्टिकल केबलपाशी एएसीची गत ओपससारखीच होते. काही टीव्ही त्याचे एसी-३ करून पाठवतात, पण ते कोणत्या बिटरेटने करतील हे आपल्या हातात राहत नाही.

आता खिडकीबद्दल. लहान खिडकी सनईला महागात पडते हे खरे, पण हलगीला तीच मानवते. लांब खिडकीत थापेचा कोडिंगदोष (संकुचनातून येणारा बिघाड) थापेच्या आधीच्या शांततेत पसरतो. तो टाळण्यासाठी एएसीला ऐन थापेच्या वेळी छोट्या खिडकीवर उतरावे लागते, आणि ती वेळ एन्कोडरने (संकुचन करणाऱ्या प्रोग्रॅमने) अचूक हेरली नाही तर थाप बोथट ऐकू येते. चॅनेल बांधण्याची आपली भीती कमी बिटरेटची आहे. डीव्हीडीवर एसी-३ ला ४४८ केबीपीएसची मर्यादा असे. आपल्या फाइलवर ती नाही, तेव्हा सरळ ६४० द्या. दीड तासाचे ४३२ एमबी होतात. १७३ च्या तुलनेत हे पुष्कळ आहे, पण पेनड्राइव्हवर देताना वाचलेल्या २६० एमबींचे आपण करणार काय? जुनेपणाचा एक लाभही घ्या: एसी-३ ची पेटंट २०१७ साली संपली आहेत.

धागाकर्ता

पेनड्राइव्हपुरते ६४० चे एसी-३ मान्य. पण पुण्यातील मंडळी फोनवर, हेडफोन लावून ऐकणार आहेत. त्यांना मोबाइल डेटावर ४३२ एमबी उतरवायला लावणे मला पटत नाही. त्यांना ओपसच पाठवणार.

विजापूरवेस

हेडफोनच असेल तर त्यांच्यासाठी वेगळे स्टिरिओ मिश्रण करा, १२८ केबीपीएसचा ओपस त्याला पुरेल. सहा चॅनेल फोनवर नेऊन तेथे आपोआप दोन होऊ देण्यात मिश्रण करणाऱ्याचे कष्ट वाया जातात. दोन्ही प्रती मात्र मूळ फाइलवरूनच काढा, ओपसवरून एसी-३ करू नका. आणि एसी-३ करताना डायलनॉर्म (आवाजाची पातळी सांगणारी फाइलमधील नोंद) -३१ वर ठेवा. काही एन्कोडरांत तो आपोआप -२७ असतो, मग ॲम्प्लिफायर सगळा आवाज ४ डेसिबलने उतरवतो आणि आपले नातलग मिरवणूक लांबून ऐकू येते म्हणून आपल्यालाच फोन करतात.